पाय न कापता पोरगं चालत घरी गेलं! जखमेतला पू थांबवणारे सर्जन जोसेफ लिस्टर

१० फेब्रुवारी : स्मृतिदिन विशेष

आज १० फेब्रुवारी. १९१२ साली आजच्याच दिवशी इंग्लंडमध्ये समुद्राकाठच्या वॉल्मर या गावी ८४ वर्षांचे एक सर्जन वारले. त्यांचं नाव जोसेफ लिस्टर.

आपल्याकडं हे नाव फार कुणाला माहीत नाही. पण गावात ज्याला कुणाला टाके पडलेत, ज्या बाईचं सिझर झालंय, ज्याच्या पायात रॉड बसवलाय, त्या प्रत्येकावर या माणसाचे उपकार आहेत. ऑपरेशन झालं की आठ-दहा दिवसांत टाके काढायचे आणि घरी जायचं, हे आज आपण धरूनच चालतो. दीडशे वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेला माणूस घरी परत येईल, याची कुणी खात्री देत नव्हतं.

सध्या ऊसतोड चालू आहे. हरभरा, ज्वारीची काढणी तोंडावर आहे. कोयता लागणं, कडबाकुट्टीत बोट जाणं, ट्रॉलीचं चाक पायावरून जाणं, असल्या बातम्या दर हंगामात येतात. म्हणून या माणसाची गोष्ट आपल्या कामाची आहे.

वडील व्यापारी, नाद मात्र भिंगाचा

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ चा. गाव अप्टन, लंडनच्या जवळ. घराणं ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाचं. साधी राहणी, साधे कपडे, कामात चोख. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर हे वाइनचे व्यापारी होते, पण त्यांना नाद होता भिंगाचा. त्या काळच्या मायक्रोस्कोपमधून बघितलं की कडेला रंग दिसायचे आणि चित्र फाटायचं. वडिलांनी फावल्या वेळात हिशेब मांडून ती भिंगं सुधारली. त्यासाठी त्यांना रॉयल सोसायटी या मोठ्या शास्त्रीय संस्थेचं सदस्यत्व मिळालं.

पोरगं लहानपणापासून त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. डोळ्याला दिसत नाही तेही जग असतं, ही गोष्ट त्याला घरातच कळली. पुढं तीच कामी आली.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं तेव्हा क्वेकर मंडळींना बंद होती. म्हणून लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. मधे देवी आल्या, मन खचलं, शिक्षण थांबलं. तरी पुन्हा उभे राहून १८५२ साली ते डॉक्टर झाले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात जेम्स साइम या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली गेले. गेले होते थोड्या दिवसांसाठी, पण तिथंच रमले.

१८५६ साली साइम यांची मुलगी ॲग्नेस हिच्याशी त्यांचं लग्न झालं. क्वेकर पंथाबाहेर लग्न करायचं म्हणून पंथ सोडावा लागला. या ॲग्नेसबाईंबद्दल पुढं लिहितोच, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

ऑपरेशन जमलं, पण पेशंट गेला

तो काळ समजून घेतला पाहिजे. १८४६-४७ मध्ये इथर आणि क्लोरोफॉर्म आलं. भूल देऊन ऑपरेशन करता येऊ लागलं. त्याआधी चार माणसांनी धरून ठेवायचं आणि मिनिटा-दोन मिनिटांत पाय कापायचा, असा प्रकार होता. भूल आल्यावर सर्जनला निवांतपणे काम करता येऊ लागलं, ऑपरेशनं वाढली. पण मरणारे कमी झाले नाहीत.

कारण मरण टेबलावर नव्हतं, नंतर वॉर्डात होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखम लाल व्हायची, ताप चढायचा, पू व्हायचा, मग मांस सडायचं. वॉर्डात शिरलं की वासानं जीव गुदमरायचा. थोडा घट्ट पू आला तर डॉक्टरच त्याला चांगलं लक्षण मानायचे, कारण निदान माणूस जगण्याची आशा असायची.

आणि डॉक्टरांची रीत काय? जुना कोट अंगात, त्यावर वाळलेलं रक्त. जितका कोट कडक, तितका सर्जन अनुभवी अशी समजूत. एका पेशंटची जखम चाचपलेलं हत्यार तसंच दुसऱ्याच्या जखमेत. एकाच बादलीतल्या पाण्यात पिळलेला स्पंज सगळ्यांना. हात धुवायचे ते ऑपरेशन झाल्यावर, आधी नाही. कुणी दुष्ट नव्हतं. त्यांना कारणच माहीत नव्हतं. खराब हवेनं जखम सडते, असं सगळे धरून चालले होते.

ग्लासगोचा दवाखाना

१८६० साली लिस्टर ग्लासगो विद्यापीठात सर्जरीचे प्राध्यापक झाले. १८६१ पासून तिथल्या रॉयल इन्फर्मरी या मोठ्या दवाखान्यात त्यांच्याकडं वॉर्ड आले. आपल्याकडं सरकारी मेडिकल कॉलेजला जोडून दवाखाना असतो, तसाच हा. गरीब पेशंट इथं येणार आणि शिकाऊ डॉक्टर इथंच हात बसवणार. ग्लासगो हे कारखान्यांचं, गोदीचं शहर. यंत्रात हात गेलेले, गाडीखाली सापडलेले कामगार रोज यायचे.

सर्जरीची इमारत नवीकोरी होती. तरी माणसं मरतच होती. पुढं कळलं की या इमारतीच्या पायाजवळ १८४९ च्या कॉलऱ्यात मेलेल्यांच्या पेट्या जमिनीखाली जेमतेम काही इंचांवर पुरल्या होत्या. मग काय, खराब हवा म्हणणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं.

लिस्टर यांनी मात्र एक साधी गोष्ट हेरली. हाड मोडलं पण वरची कातडी शाबूत असली तर पू होत नाही. आत रक्त साकळलेलं असतं, मांस चिरडलेलं असतं, तरी ते हळूहळू भरून येतं. पण तेच हाड कातडी फाडून बाहेर आलं की जखम सडते आणि पाय कापावा लागतो, नाहीतर माणूस जातो. हाड तेच, माणूस तोच. फरक फक्त कातडीला पडलेल्या भोकाचा. म्हणजे त्या भोकातून काहीतरी आत जातंय. ते काय?

फ्रान्समधली दारू आणि कार्लाइलचं सांडपाणी

याचं उत्तर सर्जरीच्या पुस्तकात नव्हतं. १८६५ मध्ये ग्लासगोतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांना फ्रान्सच्या लुई पाश्चर यांचं काम दाखवलं. दारू का आंबते, पदार्थ का कुजतात, याचा शोध पाश्चर घेत होते. त्यांनी दाखवून दिलं होतं की कुजवणारी हवा नाही, हवेतून आणि धुळीतून येणारे बारीक जिवंत जंतू आहेत. उकळून ठेवलेल्या रसात हवा गेली पण धूळ गेली नाही, तर तो कुजत नाही.

लिस्टर यांनी हे नुसतं वाचून सोडलं नाही. घरी वाकड्या मानेच्या काचेच्या बाटल्या मांडून ते प्रयोग स्वतः करून बघितले. ॲग्नेसबाई सोबत होत्याच. मग विचार केला, रस कुजतो तसंच जखमेचं होत असणार. पण रस उकळता येतो, माणसाचा पाय कसा उकळणार? जंतू मारणारं दुसरं काहीतरी पाहिजे.

इथं गोष्ट शेतीत येते. १८६४ मध्ये लिस्टर यांच्या वाचनात आलं होतं की इंग्लंडच्या कार्लाइल शहरात सांडपाण्यात थोडं कार्बोलिक ॲसिड टाकतात. ते सांडपाणी पुढं कुरणांना देत. त्यानं घाण वास तर गेलाच, शिवाय त्या कुरणात चरणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतही गेले, असं सांगितलं जात होतं. कार्बोलिक ॲसिड म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारा पदार्थ. आपल्या गोठ्यात टाकायच्या काळ्या फिनेलला जो वास येतो, त्याच जातीचा.

लिस्टर यांनी मनाशी जुळवलं. वास जातो म्हणजे कुजणं थांबतं. कुजणं थांबतं म्हणजे जंतू मरतात. मग हेच जखमेवर का नको?

११ वर्षांचं पोरगं आणि गाडीचं चाक

पहिला प्रयत्न मार्च १८६५ मध्ये केला, तो फसला. लिस्टर यांनी तो लपवला नाही, पुढं छापून सांगितला.

१२ ऑगस्ट १८६५ ला जेम्स ग्रीनलीस नावाचं ११ वर्षांचं पोरगं दवाखान्यात आणलं. रिकाम्या गाडीचं चाक डाव्या पायावरून गेलं होतं. नळीचं हाड मोडलेलं, वर दीड इंचाची जखम. त्या काळी अशा पायाचा भरवसा कुणी धरत नसे. पाय कापणं हाच सरधोपट मार्ग होता.

लिस्टर यांनी कापड कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवून जखमेवर ठेवलं, पायाला फळ्या बांधल्या आणि चार दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी पट्टी सोडली. नेहमी याच वेळी वास सुटायचा. या वेळी पू नाही, वास नाही. फक्त ॲसिडनं कातडी थोडी लाल झालेली. मग ॲसिड पातळ करून, नंतर तेलात मिसळून पट्ट्या चालू ठेवल्या. सहा आठवडे आणि दोन दिवसांनी हाड जुळलेलं, जखम भरलेली. पोरगं दोन्ही पायांवर घरी गेलं.

योगायोग बघा. दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्ट १८६५ ला, ऑस्ट्रियात इग्नाझ सेमेलवाइस हे डॉक्टर वेड्यांच्या दवाखान्यात वारले, तेही जखम चिघळून. याच सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या दवाखान्यात दाखवलं होतं की डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्यात हात धुतले की बाळंतिणी मरत नाहीत. त्यांचं कुणी ऐकलं नाही. लिस्टर यांनाही तेव्हा त्यांचं नाव माहीत नव्हतं. ऐकलं असतं तर किती आया वाचल्या असत्या, याचा हिशेब करवत नाही.

मोजून दाखवलं

एका पोरावरून लिस्टर नाचले नाहीत. दीड वर्ष थांबले, एकेक पेशंट नोंदवत गेले. मार्च १८६७ पासून लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकात हाड बाहेर आलेल्या ११ पेशंटची हकीकत छापली. त्यातले ९ जण पायासकट वाचले, एकाचा पाय कापावा लागला, एक दगावला. ते दोनही त्यांनी लिहिले.

मग हात-पाय कापायच्या ऑपरेशनचा हिशेब मांडला. आधीच्या पद्धतीनं १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत अशी ३५ ऑपरेशनं झाली, त्यात १६ माणसं दगावली. नव्या पद्धतीनं १८६७ ते १८६९ या काळात ४० ऑपरेशनं झाली, त्यात ६ दगावले. म्हणजे आधी शंभरात ४६, नंतर शंभरात १५. इमारत तीच, पेशंट तसलेच, आणि कॉलऱ्याच्या पेट्याही जमिनीत होत्या तिथंच. बदललं होतं ते जखमेला काय लागू द्यायचं आणि काय नाही, एवढंच.

याच काळात त्यांच्या घरावर प्रसंग आला. बहीण इझाबेला हिला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनला बाकी कुणी तयार होईना. जून १८६७ मध्ये लिस्टर यांनी स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या हातानं बहिणीचं ऑपरेशन केलं. जखम पू न होता भरली. बहीण पुढं जवळपास तीन वर्षं जगली. आपल्या माणसावर सुरी चालवायला काय लागतं, ते ज्याचं त्याला माहीत. पण आपल्या पद्धतीवर त्यांचा किती विश्वास होता, हे यातून कळतं.

टाक्याच्या दोऱ्यासाठी वासरू

त्या काळी रक्ताची नस बांधायला रेशमाचा दोरा वापरत आणि त्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवत. पू होऊन दोरा सुटला की ओढून काढायचा. कधी दोरा सुटताना नसच फुटायची.

लिस्टर यांना असा दोरा पाहिजे होता जो आत राहील आणि शरीरातच विरघळेल. मेंढीच्या आतड्यापासून करतात तो कॅटगटचा दोरा त्यांनी कार्बोलिकमध्ये मुरवला आणि १८६८ च्या डिसेंबरमध्ये एका वासराच्या मानेतली नस त्यानं बांधली. महिन्यानं तपासलं तर दोऱ्याच्या जागी नवीन जिवंत पेशी तयार झाल्या होत्या. आज डॉक्टर आतले टाके विरघळतील असं सांगतात, त्याची वाट इथून निघाली.

आता ॲग्नेसबाईंचं. या सगळ्या प्रयोगांच्या वह्या निम्म्याहून जास्त त्यांच्या हस्ताक्षरात आहेत. नवरा सांगायचा, त्या तासन्‌तास लिहून घ्यायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरातली एक खोली प्रयोगशाळाच होती. नाव नवऱ्याचं झालं, राबणूक दोघांची.

विरोध झाला, टिंगलही झाली

एवढं मोजून दाखवलं म्हणजे सगळ्यांनी मानलं असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. डोळ्याला न दिसणारा जंतू माणूस मारतो, हे मोठमोठ्या सर्जनना पटेना. क्लोरोफॉर्मची भूल आणणारे जेम्स सिम्सन यांच्यासारखा मोठा माणूसही विरोधात होता. कुणी म्हणे यात नवीन काही नाही, कुणी म्हणे हा पट्ट्यांचा फुकाचा खटाटोप. काहींनी अर्धवट करून बघितलं, वरून कार्बोलिक ओतलं पण हात आणि हत्यारं तशीच ठेवली. मग गुण आला नाही की पद्धतीला नावं ठेवली.

लिस्टर भांडत बसले नाहीत. १८६९ मध्ये ते सासऱ्यांच्या जागी एडिंबराला आले. तिथं हवेतले जंतू मारायला कार्बोलिकचा फवारा काढला. आपला औषध मारायचा पंप असतो तसलाच प्रकार, फक्त ऑपरेशनच्या टेबलाशेजारी. सगळ्यांचे हात पांढरे पडायचे, डोळे झोंबायचे. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काखेत गळू झालं. ते लिस्टर यांनी बाल्मोरलच्या वाड्यात कापलं, तेव्हाही फवारा सोबत होता.

पद्धत आधी उचलली ती परदेशानं. जर्मनीत हाले शहरातले सर्जन फोल्कमान यांनी ती वापरली आणि त्यांचे वॉर्ड सुधारले. १८७५ मध्ये लिस्टर जर्मनीत गेले तर जागोजाग सत्कार झाले. लंडन मात्र हटून बसलं होतं. म्हणून १८७७ मध्ये, पन्नाशीत, ते मुद्दाम लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. तिथं फुटलेल्या गुडघ्याची वाटी त्यांनी उघडून चांदीच्या तारेनं जोडली. कातडी शाबूत असताना गुडघा उघडायचा म्हणजे तेव्हा मरणाला आवतण समजत. पेशंट बरा झाला. मग लंडनही हळूहळू वळलं.

आणखी एक गोष्ट मोठी वाटते. पुढं संशोधन वाढलं, तेव्हा कळलं की खरा धोका हवेतून कमी आणि हातातून, हत्यारातून, कापडातून जास्त आहे. लिस्टर यांनी स्वतःच काढलेला फवारा स्वतःच सोडला आणि १८९० मध्ये तो कधी सुचवला याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुढच्या पिढीनं हत्यारं आणि कपडे वाफेत उकळायला सुरुवात केली. आजचं ऑपरेशन थिएटर त्यातूनच उभं राहिलं.

शेवटचे दिवस

डिसेंबर १८९२ मध्ये पॅरिसला पाश्चर यांचा सत्तरीचा सत्कार झाला. थकलेले पाश्चर पुढं आले आणि भरल्या सभेत त्यांनी लिस्टर यांना मिठी मारली. पुढच्याच वर्षी इटलीत फिरायला गेले असताना ॲग्नेसबाई न्यूमोनियानं वारल्या. त्यानंतर लिस्टर पहिल्यासारखे राहिले नाहीत. मान मात्र येत राहिले. १८९५ ते १९०० ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते, १८९७ मध्ये लॉर्ड झाले.

मेल्यावर देशानं त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबेत, राजे-महाराजांच्या रांगेत, जागा देऊ केली. पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ॲबेत प्रार्थना झाली आणि दफन लंडनच्या हॅम्पस्टेड इथल्या दफनभूमीत, बायकोच्या शेजारी झालं.

आपण काय घ्यायचं?

जखम झाली की आपल्याकडं अजूनही माती, शेण, चुना, तंबाखू, डिझेल, जे हाताशी असेल ते लावतात. रक्त थांबलं म्हणजे झालं, असं समजतात. लिस्टर यांचं सगळं आयुष्य हेच सांगण्यात गेलं की रक्त थांबलं तरी आत काय गेलं ते महत्त्वाचं. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणातच असतात.

तेव्हा एवढं करा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. धुणाऱ्यानं आधी स्वतःचे हात धुवावेत. रक्त जोरात वाहत असेल तर धूत बसू नका, धुतलेल्या कापडानं दाबून धरा. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापड झाका, पाय आहे तसा आधार देऊन बांधा आणि १०८ ला फोन लावा. लहान जखम असली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आणि लिस्टर यांनी कार्बोलिक वापरलं म्हणून फिनेल जखमेवर ओतू नका, त्यानं कातडी जळते. आता त्याहून चांगली औषधं केंद्रात मिळतात. बाळाच्या नाळेलाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लावू नका.

त्या काळी वॉर्डातलं मरण सगळ्यांनी नशीब म्हणून सोडून दिलं होतं. या माणसानं ते मोजलं, कारण शोधलं आणि थांबवलं. जोसेफ लिस्टर यांना स्मृतिदिनी विनम्र अभिवादन.

(माहिती उपयोगी वाटली तर आपल्या गावच्या आणि ऊसतोड टोळीच्या ग्रुपवर जरूर पाठवा.)